दर्याची दवा आणि परळचे किरण

कॅन्सरला उर्दूत सरतान म्हणतात. सरतान म्हणजे खेकडा. मराठीतल्या कर्करोगातला कर्क तोच आणि लॅटिनमधल्या 'कॅन्सर' शब्दाचा अर्थही तोच. गाठीभोवती फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसतात म्हणून हे नाव पडले, असे जुने ग्रीक वैद्य सांगत. त्या बुकरात आणि जालीनूस यांच्याकडून ते अरबी हकिमांकडे आले आणि हकिमांकडून आपल्या घरात. आपल्या घरात मात्र ते नाव कोणी घेत नाही. "त्यांना ते झालंय" एवढेच म्हणतात आणि दाराकडे पाहून आवाज खाली आणतात.

आजाराचे नाव दर्याच्या प्राण्यावरून पडले, तसा इलाजही दर्यात शोधायची आपली जुनी सवय आहे. आमच्या दादीच्या फडताळात खमीरा मरवारीदची डबी असायची. मरवारीद म्हणजे मोती. दिल कमजोर झाला की चमच्याच्या टोकावर तो खमीरा मिळे. हकिमांच्या दुकानात मूंगा, सदफ म्हणजे शिंपला, समुद्रफेन आणि देवमाशाच्या पोटातून निघणारा अंबर या सगळ्यांना जागा होती. कुस्त-ए-बहरी या नावातही बहर आहे, म्हणजे समुद्र. पण ते मूळ उगवते काश्मीरच्या डोंगरात. जहाजातून अरबस्तानात जायचे म्हणून तिकडच्या लोकांनी त्याला बहरी म्हटले. नावात समुद्र आहे म्हणून वस्तू समुद्रातली असेलच असे नाही, हे तेव्हा आम्हाला गमतीचे वाटले होते. पुढे ते उपयोगी पडले.

२०१९ च्या पावसाळ्यात आमच्या चाचांना घशाचा कॅन्सर निघाला. चाचांचा सारा जन्म दर्यावर गेला. तरुणपणी गावच्या होडीवर, नंतर खलाशी म्हणून जहाजावर, आणि निवृत्तीनंतर पुन्हा गावात जाळी विणत. आवाज बसला तेव्हा त्यांनी मिठाच्या गुळण्या केल्या. गिळताना त्रास होऊ लागला तेव्हा रत्नागिरीच्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली, आणि ती चिठ्ठी घेऊन चाचा मुंबईत आमच्याकडे आले. उतरले मात्र डोंगरीत, गावच्या जमातीच्या खोलीत. "तुमच्या घरात पोरंबाळं आहेत," म्हणाले. हा आजार हाताने लागत नाही, हे आम्ही त्यांना तीनदा सांगितले. तरी ते खोलीतच राहिले.

परळच्या टाटा हॉस्पिटलात देशभरचे लोक येतात. आसाम, बंगाल, बिहार, उत्तर प्रदेश आणि आपला मराठवाडा तिथल्या बाकांवर शेजारी शेजारी बसलेला असतो. कोणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेला, कोणी नात्यातल्याकडे, कोणी पदपथावर. या इस्पितळाची जन्मकथा आम्हाला त्या बाकांवरच बसून कळली. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या विश्वस्त निधीतून हे इस्पितळ उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. १९६२ मध्ये ते अणुऊर्जा खात्याकडे आले. किरणांनी इलाज करणारे इस्पितळ अणूचे काम पाहणाऱ्या खात्याकडे जावे, यात एक हिशेब आहे.

चाचांना सांगण्यात आले की किरणांचे पस्तीस दिवस. सोमवार ते शुक्रवार, सात आठवडे. चेहऱ्याच्या मापाचा जाळीदार साचा बनवला. तो रोज तोंडावर बसवायचा, म्हणजे मान हलत नाही. किरणांबरोबर सिस्प्लॅटिन नावाचे औषध सहसा देतात, त्याने किरणांचा जोर वाढतो. पण चाचांचे मूत्रपिंड अशक्त निघाले, त्यामुळे ते औषध त्यांना झेपणार नव्हते. नुसते किरणच द्यायचे ठरले.

ही गोष्ट नात्यात पसरायला वेळ लागला नाही. "किरणांबरोबर दवा नाही म्हणजे अर्धाच इलाज," असे कोणीतरी म्हणाले. आठ दिवसांत आखाताहून एका भाच्याने येणाऱ्याच्या हाती बाटली पाठवली. शार्कची कूर्चा आणि तपकिरी समुद्रशेवाळाचा अर्क, नव्वद गोळ्या. बाटलीवर निळा समुद्र, उगवता सूर्य आणि इंग्रजीत असा दावा की या गोळ्या किरणांचे दुष्परिणाम रोखतात आणि त्यांचा गुण वाढवतात. किंमत आम्ही इथे लिहीत नाही. भाच्याचा जवळजवळ अर्ध्या महिन्याचा पगार त्यात गेला होता. फोनवर तो रडत होता. "चाचा दर्याचे माणूस आहेत. दर्याचीच दवा त्यांना लागू पडेल," म्हणाला.

आता त्याला काय सांगावे? आमच्या फुफी म्हणाल्या, "शिफा अल्लाहच्या हातात आहे, गोळीने नुकसान काय होणार?" गावाहून आलेला चाचांचा थोरला मुलगा म्हणाला, "डॉक्टरांना विचारलं तर ते नाहीच म्हणणार, विचारूच नका." जमातीच्या खोलीत त्या रात्री सात-आठ माणसे बसली होती आणि प्रत्येकाकडे कोणाच्या तरी बऱ्या झालेल्या मेहुण्याची हकीकत होती. चाचा गप्प बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "जहाजावर कप्तानाला न सांगता कोणी वाफेची कळ फिरवत नाही. उद्या बाटली घेऊन चला."

दुसऱ्या दिवशी बाटली डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवली. त्या रागावल्या नाहीत. चाचा जाळी विणतात हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी विचारले, "जाळं फाटलं तर काय करता?" चाचा म्हणाले, "रातोरात सांधतो." बाई म्हणाल्या, "पेशीही तेच करते. किरण तिच्या गाभ्यातले धागे तोडतात. चांगली पेशी ते धागे नीट सांधते, कॅन्सरची पेशी तितकं नीट सांधू शकत नाही. म्हणून आम्ही रोज थोडं थोडं तोडतो, म्हणजे चांगल्या पेशीला सावरायला रात्र मिळते. किरणांबरोबरचं औषध काय करतं? कॅन्सरच्या पेशीच्या हातातली सुई काढून घेतं. किंवा ती दुभंगायच्या बेतात असताना, म्हणजे सर्वांत नाजूक असताना, तिला तिथंच अडकवून ठेवतं."

"मग ही गोळी कोणाची सुई काढते?" चाचांनी विचारले.

"तेच कोणी मोजलेलं नाही," बाई म्हणाल्या. "उलट मला वेगळी भीती आहे. किरण पेशीतल्या पाण्यावर पडतात तेव्हा त्यातून फार तापट कण निघतात आणि धागे तोडण्याचं पुष्कळसं काम तेच करतात. अशा गोळ्यांत त्या कणांना थंड करणारी द्रव्यं असतात. ती चांगल्या पेशीला वाचवतील, तशी कॅन्सरच्या पेशीलाही वाचवतील." मग त्यांनी कॅनडातल्या एका अभ्यासाची हकीकत सांगितली. किरणोपचार घेणाऱ्या घशा-तोंडाच्या ५४० रुग्णांवर तो झाला आणि २००५ मध्ये छापून आला. अर्ध्यांना ई जीवनसत्त्व आणि सुरुवातीला बीटा कॅरोटिन दिले, अर्ध्यांना नुसत्या दिखाऊ गोळ्या. खरी गोळी घेणाऱ्यांना किरणांचा त्रास कमी झाला. पण आजार परतण्याचा कल त्यांच्यातच जास्त दिसला.

त्रास कमी आणि आजार जास्त! आम्ही घरी येताना लोकलमध्ये हेच घोकत होतो. बाटलीवर लिहिलेले अगदीच खोटे नसावे, आणि तरीही ती बाटली घातक असू शकावी, ही गोष्ट पचायला जड होती.

त्यानंतर आम्ही वाचायला लागलो, आणि अजूनही वाचतो. शार्कला कॅन्सर होत नाही, असे सांगणारे एक पुस्तक १९९२ मध्ये अमेरिकेत निघाले आणि कूर्चेच्या गोळ्यांचा धंदा तिथून वाढला. मुळात हे विधानच चुकीचे आहे. शार्कमध्ये गाठी सापडल्याच्या नोंदी आहेत. तरी शास्त्रज्ञांनी ती कल्पना नुसती हसून उडवली नाही. गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या कूर्चेतल्या द्रव्याने रोखता येतील, असे प्रयोगशाळेत दिसत होते. म्हणून अमेरिका आणि कॅनडात फुप्फुसाच्या कॅन्सरचे ३७९ रुग्ण घेऊन रीतसर चाचणी झाली. सर्वांना केमो आणि किरणोपचार. त्याशिवाय अर्ध्यांना कूर्चेचा शुद्ध केलेला अर्क, अर्ध्यांना तसाच दिसणारा साधा द्रव. २०१० मध्ये निकाल छापला गेला. अर्क घेणाऱ्यांचे मध्यम आयुष्य १४.४ महिने, न घेणाऱ्यांचे १५.६. म्हणजे फायदा नाही. आमच्या भाच्याच्या बाटलीतली निम्मी दवा नऊ वर्षांपूर्वीच मोजून झालेली होती.

मग दर्यात काहीच नाही का? तसेही नाही. फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळच्या एका स्पंजात १९५० च्या सुमारास वेर्नर बर्गमन यांना वेगळीच साखर असलेली द्रव्ये सापडली. त्यांच्या नमुन्यावर प्रयोगशाळेत बनवलेले सायटॅराबिन हे औषध १९६९ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. ते कशावर? ल्युकेमियावर. मेहेरबाई ज्या आजाराने गेल्या, त्याच आजारावर दर्याने सुचवलेले हे औषध त्यांच्यानंतर अडतीस वर्षांनी आले. जपानच्या किनाऱ्यावरच्या स्पंजातल्या द्रव्यावरून बनलेले एरिब्युलिन स्तनाच्या कॅन्सरवर २०१० मध्ये मंजूर झाले. खडकांना आणि झाडांच्या मुळांना चिकटून राहणाऱ्या एका पिशवीसारख्या समुद्री जीवातून ट्रॅबेक्टेडिन आले. युरोपात त्याला २००७ मध्ये मान्यता मिळाली. हेच औषध चरबीच्या ऊतीत होणाऱ्या एका विरळ कॅन्सरवर शस्त्रक्रियेआधी किरणांबरोबर देऊन पाहिले गेले. इटली, स्पेन आणि फ्रान्समधल्या या लहानशा अभ्यासाचे निकाल २०२० मध्ये आले; बऱ्याच रुग्णांत गाठ आकसली. रुग्ण मोजकेच होते, त्यामुळे ही सुरुवात म्हणायची, शेवट नव्हे.

आणि शेवट कसा असतो त्याचेही उदाहरण आहे. बहामा बेटांजवळच्या समुद्रतळाच्या गाळात एक जंतू सापडला. त्याच्यातून मॅरिझोमिब नावाचे द्रव्य मिळाले. पेशीतला कचरा साफ करणारे यंत्र ते बंद पाडते, आणि मेंदूत शिरू शकते. म्हणून मेंदूच्या सर्वांत वाईट गाठीवर, नेहमीचे औषध आणि किरण यांच्या जोडीला ते द्यायचे ठरले. ७४९ रुग्णांनी त्या चाचणीत भाग घेतला. २०२१ मध्ये कळले की आयुष्य वाढले नाही, त्रास मात्र वाढला. दर्यातले द्रव्य आणि किरण यांची जोडी इतक्या मोठ्या प्रमाणावर मोजली गेली, आणि उत्तर नाही असे आले. गाळातल्या जंतूपासून त्या उत्तरापर्यंत जवळजवळ तीस वर्षे लागली.

आपल्या देशातही हा शोध चालू आहे. गोव्याच्या दोनापावलाला १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेच्या पुढाकाराने समुद्रातून औषधे शोधण्याचा राष्ट्रीय प्रकल्प चालला आणि आपल्या किनाऱ्यावरचे स्पंज, शेवाळ, मृदुकाय प्राणी गोळा करून तपासले गेले. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशी मारणारी द्रव्ये पुष्कळ सापडतात. पण बशीत पेशी मरणे वेगळे आणि माणूस वाचणे वेगळे. या दोन काठांमधली खाडी फार रुंद आहे, आणि बहुतेक होड्या मध्येच बुडतात.

चाचांचे किरण चालू होते. पहिले तीन आठवडे बरे गेले. चौथ्या आठवड्यात तोंडात जखमा झाल्या, चव गेली, पाणी गिळतानाही डोळ्यांत पाणी येई. एका सकाळी लालबागच्या पुढे टॅक्सी हलेना, रस्त्यात गुडघाभर पाणी होते. "आज राहू दे," थोरला मुलगा म्हणाला. पण किरणांत खंड पडला तर उरलेल्या पेशी त्या सुट्टीत भराभर वाढतात, हे चाचांना सांगितले गेले होते. ते विजार वर खोचून उतरले आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवून चालत गेले.

बकरी ईद त्या वर्षी १२ ऑगस्टला, सोमवारी आली. नमाज पढून सगळे खोलीवर जमले. कलेजी तव्यावर होती आणि चाचांना नळीतून दूध द्यायचे होते. नारळी पौर्णिमा दोन-तीन दिवसांवर आली होती. गावाकडे होड्या पाण्यात ढकलण्याची तयारी चालली होती, तिचा फोन आला. त्या रात्री चाचांनी बाटली मागून घेतली. ती फडताळात तशीच होती, सील न तोडलेली. "यावर लिहिलंय की त्रास थांबतो?" त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारले. आम्ही हो म्हटले. त्यांनी बाटली बराच वेळ हातात फिरवली. त्या माणसाला काय यातना होत्या, ते आम्ही पाहत होतो. त्या घटकेला त्यांनी गोळी घेतली असती तर त्यांना दोष देण्याची आमची हिंमत नव्हती. शेवटी त्यांनी ती परत फडताळात ठेवली. "दहा दिवस राहिलेत," म्हणाले. "दहा दिवसांसाठी पंचवीस दिवस पाण्यात का घालवू?"

ऑगस्टच्या अखेरीस पस्तीस दिवस पुरे झाले. चाचा गावी गेले. आवाज पूर्वीसारखा झाला नाही. मशिदीत अजान देणे सुटले, पण पहिल्या ओळीतली जागा सुटली नाही. जाळी विणली, नातवाचे लग्न पाहिले, टाळेबंदीचे वर्षही काढले. २०२१ च्या हिवाळ्यात आजार परतला आणि २०२२ मध्ये ते गेले. गावच्या कब्रस्तानात, जिथून खाडी दिसते, तिथे त्यांना माती दिली. बाटली घेतली असती तर ते आणखी जगले असते का, असे भाच्याने विचारले. आम्ही त्याला ३७९ रुग्णांचा आकडा सांगितला. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "इतक्या लोकांनी घेऊन पाहिली होती?" त्याला त्यातून दिलासा मिळाला असावा. आपण चाचांना एखादी संधी नाकारली नाही, हे त्याला कळले.

२०२३ मध्ये टाटामधल्याच डॉक्टरांचा एक अभ्यास छापून आला. तोंड-घशाच्या कॅन्सरचे ३५६ रुग्ण, सगळे चाचांसारखे, म्हणजे सिस्प्लॅटिन न झेपणारे. अर्ध्यांना नुसते किरण. अर्ध्यांना किरणांबरोबर दर आठवड्याला डोसेटॅक्सेल थोड्या मात्रेत. दोन वर्षांनी नुसते किरण घेतलेल्यांपैकी ४१.७ टक्के हयात होते, औषधाची जोड मिळालेल्यांपैकी ५०.८ टक्के. तोंडातल्या जखमा मात्र औषध घेणाऱ्यांत जास्त. डोसेटॅक्सेल दर्यातले नाही. यू नावाच्या झाडाच्या पानांतल्या द्रव्यापासून ते बनते. हिमालयात त्या झाडाच्या भाऊबंदाला थुनेर म्हणतात. निसर्गातली दवा आणि किरण यांची जी जोडी भाचा आखातात शोधत होता, ती परळच्या त्या इमारतीत, चाचा बाकावर बसले होते त्याच काळात, मोजली जात होती. २०१७ ते २०२१ या काळात ते रुग्ण घेतले गेले. त्यांतल्या कितीतरी जणांना नुसते किरणच मिळणार, हे ठाऊक असूनही त्यांनी सही केली किंवा अंगठा दिला. आज चाचांसारखा रुग्ण परळला आला, तर त्याला देण्यासारखे काहीतरी डॉक्टरांच्या हाती आहे, ते त्या अनोळखी माणसांमुळे.

प्रत्येक आजाराबरोबर त्याचा इलाजही पाठवला गेला आहे, अशी आपली श्रद्धा आहे. आम्ही ती मानतो. पण इलाज पाठवला आहे याचा अर्थ तो बाटलीत भरून, निळे चित्र चिकटवून पाठवला आहे असा नाही. तो शोधावा लागतो, तोलावा लागतो, चुकीचा निघाला तर तसे लिहून ठेवावे लागते. उंटाला दोरी बांधून मग भरोसा ठेवावा, ही शिकवणही आपलीच आहे. आपल्यातला एखादा कुठल्या चाचणीत सामील व्हायला निघाला, तर "तुझ्यावर प्रयोग करताहेत" म्हणून त्याला मागे खेचू नये. काय विचारले आहे, काय लिहिले आहे ते त्याच्याबरोबर बसून वाचावे आणि निर्णय त्याचा त्याला घेऊ द्यावा.

डोंगरीच्या खोलीत आता एक वही ठेवली आहे. गावाहून इलाजासाठी आलेला माणूस उतरला की त्याच्याबरोबर आलेली प्रत्येक बाटली, पुडी, काढा आणि तेल त्या वहीत लिहायचे: नाव, त्यात काय आहे, कोणी दिले, दिवसातून किती वेळा. ते पान फाडून डॉक्टरांना दाखवायचे आणि त्यांचे उत्तर मागच्या बाजूला लिहून आणायचे. कोणाच्या श्रद्धेला हसायचे नाही, कोणाची बाटली फेकायची नाही. फक्त लपवायचे नाही. पहिल्या पानावर चाचांच्या गोळ्या आहेत, शार्कची कूर्चा आणि समुद्रशेवाळ. मागच्या बाजूला आम्ही तीन शब्द लिहिले आहेत : किरण संपेपर्यंत नको. या वर्षी ती वही चाळीस पानांच्या पुढे गेली आहे.